दर पाच मिनिटांनी अडकणारी खिडकी

पिंप्राळ्यात आमच्या कॉलनीत मला सगळे 'कॉम्प्युटरवाल्या ताई' म्हणून ओळखतात. कुणाच्या प्रिंटरमध्ये कागद अडकतो, कुणाच्या लॅपटॉपवर चहा सांडतो, की आमची बेल वाजते. मी दार उघडते, आलेल्या वस्तूकडे बघते आणि खरं ते सांगते, की मला यातलं फारसं कळत नाही. यावर कुणाचाही विश्वास बसत नाही. एवढी वर्षं कॉम्प्युटरमध्ये नोकरी केली आणि प्रिंटरमधला कागद काढता येत नाही, म्हणजे ही बाई आळशी तरी असणार किंवा आखडू तरी.

म्हणून आधी काम काय होतं ते सांगते. कारखाना, कॉलेज, रुग्णालय अशा ठिकाणी टेबलाटेबलावर जे कॉम्प्युटर असतात, त्यांच्यामागे कुलूपबंद खोलीत एक मोठा कॉम्प्युटर असतो. त्याला सर्व्हर म्हणतात. सगळी माहिती त्याच्याकडे असते आणि बाकीचे त्याच्याकडे मागत राहतात. मी लागले तेव्हा या सर्व्हरवर युनिक्स असायचं, पुढे लिनक्स आलं. दोन्हींत काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं, चित्र नाही की बटण नाही. जळगावच्या एका लहानशा कंपनीत बसून मी आसपासच्या जिल्ह्यांतल्या अशा सर्व्हरांवर लक्ष ठेवायचे. ते कसे चालले आहेत, कुठे दमताहेत, का दमताहेत, हे बघणं एवढंच माझं काम.

बघायच्या गोष्टी चारच. प्रोसेसर, म्हणजे हिशेब करणारा. मेमरी, म्हणजे त्याच्यासमोरचं टेबल. डिस्क, म्हणजे मागचं कपाट. आणि बाहेर जाणारी तार. कामांची रांग किती लांब आहे याचा एक आकडा सर्व्हर स्वतःच देतो. रांग वाढली की नवशिका म्हणतो प्रोसेसर कमी पडतोय, मोठा घ्या. पण पुष्कळदा प्रोसेसर हात बांधून बसलेला असतो, कारण मागच्या कपाटातून फाइलच येत नसते. रांग कशामुळे लागली हे ओळखण्यात आमची सगळी विद्या.

एक उदाहरण सांगते, ज्याचा मला अजूनही अभिमान आहे. जळगावच्या एमआयडीसीत एक डाळ मिल होती. तिथला सर्व्हर सकाळी व्यवस्थित चालायचा आणि उन्हाळ्यात दुपारी बारा ते पाच रखडायचा. मिलचे शेठ गमत्या माणूस. मला फोनवर म्हणाले, "ताई, आमच्यासारखी त्यालाही जेवल्यावर झोप लागते."

मी आकडे बघितले. सकाळी आणि दुपारी काम तेवढंच. पण दुपारी तेच काम करायला प्रोसेसरला दुप्पट वेळ लागत होता. मग लक्षात आलं, की त्याचा स्वतःचा वेगच दुपारी खाली येतो. प्रोसेसर फार तापला की जळू नये म्हणून आपणहून हळू चालतो. आता जळगावचा मे महिना म्हणजे काय ते मी सांगायला नको, पण त्या खोलीत एसी होता. मी स्कूटर काढून मिलवर गेले. सर्व्हरची बाजूची पत्र्याची झडप उघडली, तर आत पंख्यावर आणि त्याच्यामागच्या जाळीवर तुरीच्या सालपटाचा जाड थर. गोधडी पांघरल्यासारखा. खोलीच्या भिंतीपलीकडे डाळ सडण्याचं, म्हणजे तिची सालं काढण्याचं, यंत्र होतं आणि एसी तिथलीच हवा ओढत होता.

रंगाचा कोरडा ब्रश घेऊन मी आणि शेठ दोघांनी बसून तो थर काढला. सर्व्हर वरच्या मजल्यावर गेला आणि त्याची दुपारची झोप गेली. नंतर शेठ भेटेल त्याला सांगायचे, की या ताईंनी आमच्या सर्व्हरला आंघोळ घातली.

तेव्हापासून मी ऑफिसात सगळ्यांना ऐकवायचे, की आकडा फक्त दुखतंय कुठे ते सांगतो. का दुखतंय ते कळायला जागेवर जावं लागतं. हे मी इतक्यांदा ऐकवलं, की आमचे मालक, ज्यांना आम्ही सगळे नाना म्हणायचो, ते मी बोलायला लागले की वाक्य स्वतःच पूर्ण करायचे.

आणि धुळ्याच्या वेळी मी जागेवर गेलेच नाही.

धुळ्यात एका ट्रस्टचं मोठं रुग्णालय आमच्याकडे होतं. साक्री, शिरपूर, पार नंदुरबारकडून माणसं तिथे येतात. सकाळी ओपीडीच्या खिडकीवर नाव नोंदवायचं, केसपेपर घ्यायचा आणि मग डॉक्टरकडे जायचं. ही नोंदणी, जुन्या तपासण्या, औषधं, सगळं एका प्रोग्रॅमवर चालायचं. तो प्रोग्रॅम बाहेरून विकत आणलेला नव्हता. भास्करभाऊ म्हणून तिथे एक गृहस्थ होते. मुळात ते रुग्णालयात सांख्यिकीचे कारकून म्हणून लागले होते. पुस्तकं आणून, स्वतः शिकून, त्यांनी तो प्रोग्रॅम लिहिला आणि वर्षानुवर्षं वाढवत नेला. माझी त्यांची ओळख फोनवरची. फोन उचलला की एकच सुरुवात, "नमस्कार शैलाताई, भास्कर बोलतोय, धुळ्याहून." जणू धुळ्याहून मला आणखी दहा भास्कर फोन करत होते.

एका वर्षी जानेवारी-फेब्रुवारीपासून तक्रारी वाढल्या. नोंदणीचा पडदा मध्येच थिजतो. टाइप केलेलं उमटत नाही. थोड्या वेळाने आपोआप सुरू होतं. रांग दाराबाहेर जाते, लोक चिडतात. रुग्णालयाच्या अधीक्षक, त्या स्वतः डॉक्टर, त्यांनी नानांना फोन करून सांगितलं, की कारण लेखी द्या.

मी जळगावातून आकडे काढले. दर दहा मिनिटांची सरासरी बघितली. प्रोसेसर मोकळा, मेमरी ठीक, डिस्क जरा जास्त कामात पण घाबरण्यासारखं काही नाही. मग डेटाबेसची, म्हणजे माहितीच्या कोठाराची, ती यादी उघडली, जिच्यात जास्त वेळ घेणाऱ्या शोधांची नोंद होते. ती भरून वाहत होती. रुग्णाचं नाव शोधणं, जुना केसपेपर शोधणं, आजची यादी काढणं. एरवी डोळ्याचं पातं लवतं तेवढ्यात होणारी कामं वीस-वीस सेकंद घेत होती. सगळे शोध भास्करभाऊंनी लिहिलेले.

मला कारण सापडलं. घरी शिकलेला माणूस, जुना प्रोग्रॅम, वाढलेली माहिती. गोष्ट अगदी सरळ जुळत होती. मी आलेख काढले, नीट अहवाल लिहिला आणि शेवटी एक वाक्य घातलं, जे मला पाठ आहे: 'मंदगतीचे मूळ कारण सध्याच्या प्रोग्रॅमची रचना हे असून तो बदलणे श्रेयस्कर ठरेल.' श्रेयस्कर हा शब्द सुचला म्हणून मी स्वतःवर खूशही झाले होते. नानांनी अहवाल वाचून मान हलवली. तो अधीक्षकांना गेला, ट्रस्टला गेला आणि एक प्रत भास्करभाऊंना गेली.

दोन दिवसांनी त्यांचा फोन. "नमस्कार शैलाताई, भास्कर बोलतोय, धुळ्याहून. अहवाल वाचला. कुठले शोध जड जाताहेत त्यांची यादी द्याल का? मी दुरुस्त करतो."

मी यादी पाठवली. त्यांनी एकेक शोध पुन्हा लिहिला. तक्रारी तेवढ्याच राहिल्या. पुन्हा त्यांचा फोन आला, पुन्हा मी यादी पाठवली. माझ्या मनात एकदाही आलं नाही, की दुरुस्त करूनही काहीच फरक पडत नाही म्हणजे दुखणं दुसरीकडे असेल. मला वाटलं, यांना जमत नाहीये.

एप्रिलमध्ये ट्रस्टने ठरवलं, की नवा प्रोग्रॅम बाहेरून घ्यायचा. भास्करभाऊंची बदली जुन्या कागदांच्या विभागात, म्हणजे तळघरातल्या रेकॉर्डला. नव्या प्रोग्रॅमला केवढा सर्व्हर लागेल ते ठरवण्यासाठी मला धुळ्याला बोलावलं.

सकाळच्या बसने निघाले. एरंडोल, पारोळा करत साडेनऊच्या सुमाराला रुग्णालयात पोचले. सर्व्हरच्या खोलीची किल्ली भास्करभाऊंकडे आणि ते मागच्या इमारतीत गेलेले. ओपीडीसमोर तोबा गर्दी, बसायला जागा नाही. नोंदणीच्या खिडकीवर निर्मलाअक्का होत्या. साठीला टेकलेल्या, जाड भिंगाचा चष्मा, पदर कमरेला खोचलेला. त्यांनी मला आत बोलावून आपल्या शेजारी एक स्टूल दिलं. "बसा ताई. भाऊ येतीन आता."

खिडकीत एक म्हातारे गृहस्थ होते, शेजारी त्यांची सून, कडेवर तापाने मलूल झालेलं लहान मूल. अक्का नाव विचारत होत्या, बोटं चालत होती. मध्येच त्यांनी दोन्ही हात कीबोर्डवरून उचलून मांडीवर ठेवले.

"काय झालं?" मी विचारलं.

"आते थांबी ते."

मी पडद्याकडे बघितलं. अर्धं नाव लिहिलेलं आणि खरंच, पडदा थिजला. अक्कांना त्याचं काही नवल नव्हतं. त्या मोकळ्या वेळात त्यांनी सुनेला विचारून घेतलं, ताप कधीपासून, बाळ दूध पितं का, आणि मागच्या शिपायाला हाक मारून सांगितलं, की या बाळाला आधी आत ने, कागद मागाहून येईल. तेवढ्यात पडदा सुटला. अक्कांचे हात परत कीबोर्डवर.

मी विचारलं, "अक्का, थांबणार हे तुम्हाला आधी कसं कळलं?"

त्यांनी हनुवटीने समोरच्या भिंतीकडे खूण केली. तिथे मोठं गोल घड्याळ होतं. "मोठा काटा आकडावर उना का बठ्ठं अडकी जास. मंग आपोआप चालू व्हस."

"काटा आकड्यावर आला की सगळं अडकतं? रोज?"

"रोज. आठे बठ्ठासले माहीत शे."

"इथे सगळ्यांना माहीत आहे, मग कुणाला सांगितलं नाहीत?"

अक्कांनी पुढच्या माणसाचा आधारकार्डाचा कागद हातात घेतला आणि माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "कोणी इचारं का?"

मी घड्याळाकडे बघत बसले. काटा पुढच्या आकड्यावर आला, पडदा थिजला. त्याच्या पुढच्या आकड्यावर आला, पुन्हा थिजला. तिसऱ्यांदाही तेच झालं.

कारण उघड होतं. भास्करभाऊंचे शोध रुग्ण येतील तसे चालतात आणि रुग्ण काही घड्याळाचा काटा आकड्यावर आला की येत नाहीत. बरोबर पाच-पाच मिनिटांनी, आकड्याला टेकून, जे होतं ते यंत्राला नेमून दिलेलं काम असतं. लिनक्सवर अशा नेमून दिलेल्या कामांची एक यादी असते. अमुक वेळी अमुक कर, असं एकेका ओळीत लिहिलेलं. मी शेजारच्या बंद खिडकीच्या टेबलावर लॅपटॉप ठेवला आणि सर्व्हरवरची ती यादी उघडली. सहा-सात ओळी होत्या. त्यांतली एकच दर पाच मिनिटांची होती. तिच्यावर, कोणी आणि का लिहिली याची टीप होती. टिपेत नाव माझं होतं.

मला आठवलं. काही वर्षांपूर्वी रुग्णालयाने जुने केसपेपर स्कॅन करून सर्व्हरवर ठेवायला सुरुवात केली, तेव्हा डिस्कची जागा किती भरतेय हे बघायला मीच ते लावलं होतं. दर पाच मिनिटांनी आधी सर्व्हरची तब्येत नोंदवायची, मग सगळ्या स्कॅन फायली एकेक करून मोजायच्या. तेव्हा फायली थोड्या होत्या, दोन सेकंदांत काम व्हायचं. मी लावलं आणि विसरले. फायली वाढत वाढत लाखांवर गेल्या. आता दर पाच मिनिटांनी माझी मोजणी डिस्कवरच्या प्रत्येक फायलीला हात लावत सुटायची आणि अर्धं मिनिट दुसऱ्या कुणाला डिस्कजवळ फिरकू द्यायची नाही. अक्कांनी शोधलेलं नाव तेवढा वेळ ताटकळायचं. म्हणून ते शोध संथ कामांच्या यादीत यायचे. त्यांच्यात काहीही खोट नव्हती, ते नुसते माझ्या मागे रांगेत उभे होते.

आणि हे मला कधी दिसलं नाही, त्याचं कारणही माझंच. तब्येत नोंदवायची ती मोजणीच्या आधी. म्हणजे माझी नोंद नेहमी सर्व्हर शांत असतानाची, आणि ती घेऊन झाली की मीच त्याला पळवायचे. आणि सर्व्हर स्वतः ठेवतो त्या दहा मिनिटांच्या सरासरीत ते अर्धं-अर्धं मिनिट विरघळून जायचं.

त्या ओळीच्या सुरुवातीला एक चिन्ह टाकलं की ती ओळ निजते. मी ते टाकलं आणि पुन्हा अक्कांच्या शेजारी येऊन बसले. काटा आकड्यावर आला. अक्कांनी सवयीने हात उचलून मांडीवर ठेवले. नाव लिहिलेलं होतं, खालची रेघ लुकलुकत होती. अक्कांनी एक बोट पुढे करून एक अक्षर दाबलं. ते उमटलं. त्यांनी चष्मा वर करून घड्याळ बघितलं, मग मला बघितलं.

"आज थांबनं नही ते," त्या म्हणाल्या, आणि पुढचं नाव घेतलं.

आता जे सांगते ते सांगायला मला अजून जड जातं. त्या स्टुलावर बसून दहा-पंधरा मिनिटं मी विचार करत होते, की हे कुणाला कळायचं कारणच नाही. ओळ बंद झाली, टीप पुसायला एक सेकंद लागतो. वर मला सांगता आलं असतं, की सर्व्हरमध्ये थोडी सुधारणा केली, आता बरं चालेल. अधीक्षकांनी आभार मानले असते. नवा प्रोग्रॅम तरीही आला असता, कारण ते ठरलेलंच होतं. भास्करभाऊ तळघरात गेले असते आणि त्यांना आयुष्यभर वाटत राहिलं असतं, की आपण लिहिलेलं कच्चं होतं. मी तेवढ्यात टीप पुसली नाही याचं श्रेय मला देता येत नाही. मी काय करावं हे ठरण्याआधीच भास्करभाऊ किल्ल्यांचा जुडगा घेऊन दारात उभे राहिले.

इतक्या वर्षांत मी त्यांना पहिल्यांदाच बघत होते. आवाजावरून मला कुणी उंच माणूस वाटला होता. प्रत्यक्षात किडकिडीत, बुटके, खिशाला दोन पेनं. "नमस्कार शैलाताई," म्हणाले. या वेळी धुळ्याहून म्हणाले नाहीत.

त्यांच्या खोलीत टेबलावर वह्या रचून ठेवल्या होत्या. नव्या माणसांना देण्यासाठी ते आपल्या प्रोग्रॅमची माहिती हाताने लिहून काढत होते. कुठला तक्ता कशासाठी, कुठली अडचण कशी सोडवली. शेजारी कागदांचा एक गठ्ठा, त्यांच्याच प्रोग्रॅमची छपाई, तांबड्या शाईने खुणा केलेली.

मी दार लोटून घेतलं आणि उभ्यानेच सांगितलं. "भाऊ, तुमच्या प्रोग्रॅममध्ये काही चूक नाही. अडकत होतं ते माझ्या मोजणीमुळे." आणि लॅपटॉप त्यांच्यासमोर ठेवला.

त्यांनी ती ओळ वाचली. टीप वाचली. मोजणीचा मजकूर सावकाश, ओळीवर बोट ठेवून वाचला. मग त्या तांबड्या खुणांच्या गठ्ठ्यावर हात ठेवून म्हणाले, "दोन महिने झाले, मी हे रोज घरी नेतो. बायको विचारते, काय शोधताय एवढं? मी म्हणतो, चूक शोधतोय."

मी माफी मागितली. ते हो म्हणाले नाहीत, असू द्या म्हणाले नाहीत. म्हणाले, "अहवाल लिहायच्या आधी एकदा विचारायला हवं होतं, ताई. मी काही भांडलो नसतो."

"हो," मी म्हटलं.

मग त्यांनी टिपेवर पुन्हा नजर टाकली. "आणि ही मोजणी मीच लावायला सांगितली होती तुम्हाला. स्कॅनिंग सुरू झालं तेव्हा. जागा पुरेल का अशी मला काळजी होती." मला तसं आठवत नव्हतं. आजही आठवत नाही. ते खरं होतं की माझा भार हलका करायला त्यांनी तिथल्या तिथे जुळवलं होतं, हे मी त्यांना कधी विचारलेलं नाही.

आम्ही दोघं अधीक्षकांकडे गेलो. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "म्हणजे तुम्ही मोजत होता, म्हणूनच थांबत होतं?"

"हो."

"आणि भास्करचा प्रोग्रॅम?"

"त्याच्यात मला दोष सापडलेला नाही. आहे असं मी लिहिलं ते न तपासता लिहिलं."

"मग हेही लिहूनच द्या," त्या म्हणाल्या. रागावून नाही, कामाच्या सुरात. मी तिथेच त्यांच्या टेबलाच्या कोपऱ्यावर बसून रुग्णालयाच्या कागदावर अर्धं पान लिहिलं. पहिला अहवाल ज्यांना ज्यांना गेला त्या सगळ्यांची नावं खाली घातली. श्रेयस्कर वगैरे काही सुचलं नाही. चूक माझी आहे, एवढंच सरळ लिहिलं.

एसटी स्टँडवरून नानांना फोन केला. हे रुग्णालय आमच्याकडचं मोठं काम होतं आणि ते गेलं तर माझ्यामुळे जाणार होतं. मी सगळं सांगितलं. मग नानांनी विचारलं, "लेखी दिलंस?"

"दिलं."

"बरं केलंस. आता हीच मोजणी आपण आणखी कुठे कुठे लावली आहे ते बघ."

ती आणखी अकरा ठिकाणी लावलेली होती. पुढचे दोन दिवस मी ती काढत बसले. दोन ठिकाणी तोच त्रास नुकता सुरू होत होता. तिथल्या लोकांना मी आपणहून फोन करून सांगितलं, तर त्यांतल्या एकाने माझे इतके आभार मानले, की मला फोन कधी ठेवते असं झालं.

रुग्णालयाने आम्हाला काढलं नाही. ट्रस्टने नव्या प्रोग्रॅमची खरेदी थांबवली आणि भास्करभाऊंची बदली रद्द झाली. पुढच्या महिन्यात गेले तेव्हा अक्का म्हणाल्या, की रांग आता एकच्या आत संपते आणि डबा वेळेवर उघडता येतो. त्यांनी मला कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाची, भाकरी आणि ठेचा खायला बसवलं. ठेच्याने माझ्या डोळ्यांतून पाणी आलं तेव्हा त्या समाधानाने हसल्या.

काही वर्षांनी नवा प्रोग्रॅम आला, आणि यायलाच हवा होता. कोणताही प्रोग्रॅम कायमचा नसतो. पण तो आला तेव्हा जुन्यातली सगळी माहिती नव्यात नेण्याचं काम भास्करभाऊंनी स्वतः उभं राहून केलं. एकही केसपेपर हरवला नाही. त्यानंतर ते निवृत्त झाले. निरोपाच्या कार्यक्रमात अधीक्षकांनी त्यांच्याबद्दल बोलताना माझं ते अर्धं पान वाचून दाखवलं. मी तिसऱ्या रांगेत होते. लाज वाटेल असं वाटलं होतं, पण तसं काही झालं नाही. भास्करभाऊंच्या पत्नी माझ्या पुढेच बसल्या होत्या. त्यांनी वळून माझ्याकडे एकदा बघितलं आणि जरा सरकून शेजारची खुर्ची मोकळी केली.

माझ्या कामात तेव्हापासून दोन बदल झाले. तक्रार आली की मी आकडे उघडण्याआधी, जो माणूस त्या पडद्यासमोर दिवसभर बसतो त्याला फोन करायचे. बहुतेक वेळा अर्धं कारण त्याला ठाऊक असायचं, फक्त ते कुणी मागितलेलं नसायचं. दुसरा बदल असा, की कुठेही काही मोजायला लावलं, तर मोजण्याचंच ओझं किती होतंय हे आधी बघायचे. हाताखालच्या मुलामुलींना मी हा किस्सा नावानिशी, म्हणजे माझ्या नावानिशी, सांगायचे. पहिल्यांदा सांगताना अवघड गेलं. नंतर मजा यायला लागली.

गेल्या वर्षी मीही निवृत्त झाले. सत्कार झाला, शाल मिळाली. महिनाभर घरात बसले. बागेला पाणी घालून झालं की दिवस लांब वाटायचा. एका सोमवारी सकाळी फोन वाजला.

"नमस्कार शैलाताई, भास्कर बोलतोय. साक्रीजवळ गावी असतो आता. इथल्या वाचनालयासाठी मी एक जुनं मशीन लावलंय, लिनक्सच आहे. पुस्तकांची यादी ठेवतो त्याच्यावर. जरा हळू चालतंय असं वाटतं. बघाल का?"

त्यांनी इंटरनेटवरून त्या मशीनमध्ये शिरायची वाट दिली. मी चहाचा कप शेजारी ठेवून बसले. तासभर बघितलं. प्रोसेसर मोकळा, मेमरी मोकळी, डिस्क शांत. नेमून दिलेल्या कामांची यादी तर आधीच बघितली होती, तिथे रोज दुपारी एक प्रत काढून ठेवण्यापलीकडे काही नव्हतं. सेकंदासेकंदाला मोजलं, कुठेही अडत नव्हतं.

मी फोन लावला. "भाऊ, याला काहीही झालेलं नाही. मशीन नुसतं रिकामं बसलंय."

"हो, मला माहीत आहे," भास्करभाऊ म्हणाले.

"मग मला कशाला बसवलंत?"

"म्हटलं, तुम्हीही रिकाम्याच बसला असाल."

आता दर सोमवारी सकाळी मी ते मशीन तपासते. पाच मिनिटांत होतं. मग आम्ही तासभर बोलतो.